फळांचे भाजलेले डोनट : टिटवाळ्याच्या न्याहारीचा एक अभ्यास

टिटवाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला महागणपतीचे देऊळ आठवते आणि अंगारकीची लांबलचक रांग आठवते. येथे राहणाऱ्याला मात्र त्याच्याही आधी लोकल आठवते. कल्याणहून वासिंदकडे जाणारा लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला. टिटवाळा त्याच मार्गावर आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे ६४ किलोमीटर दूर असून तेथे पोचायला दीड तासाच्या आसपास लागतो. ज्याला साडेआठ-नऊला मुंबईत हजर व्हायचे आहे, त्याचा दिवस येथे पहाटेच सुरू होतो. आणि त्याला डबा करून देणाऱ्या बाईचा दिवस त्याच्याही आधी तासभर.

या धावपळीत पहिला बळी जातो तो न्याहारीचा. डबा चुकत नाही, चहा चुकत नाही. पण 'गाडीत काहीतरी खाईन' किंवा 'उतरल्यावर वडापाव घेईन' असे म्हणून न्याहारी मात्र पुढे ढकलली जाते. मी तृतीय वर्ष कला वर्गात अर्थशास्त्र शिकते. अर्थशास्त्रात टंचाई ही केवळ पैशाची नसते, वेळेचीही असते, हे आम्हांला पहिल्याच वर्षी सांगतात. त्याच दृष्टीने मी आमच्या घरातील एका प्रश्नाकडे पाहिले : पहाटे कमीत कमी हात लावावा लागेल, गर्दीत उभ्याने एका हाताने खाता येईल, डब्यात दोन-तीन तास मऊ राहील आणि हंगामात स्वस्त मिळणारे फळ ज्यात वापरता येईल, असा न्याहारीचा पदार्थ कोणता?

निरनिराळे पदार्थ करून पाहिल्यावर मी ज्या उत्तराशी आले ते ऐकायला थोडे परके वाटेल. ते म्हणजे घरी भाजलेले फळांचे डोनट. हे उत्तर दिसते तितके परके नाही, हे दाखविणे हा या लेखाचा एक हेतू आहे. फळ पिठात घातल्यावर तेथे नेमके काय घडते, हे समजावून देणे हा दुसरा.

डोनटचे कूळ

डोनट हा अमेरिकेचा पदार्थ मानला जातो. परंतु त्याचे मूळ घर हॉलंड होय. डच लोक तेलात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांना 'तेलाचे केक' अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाकपुस्तकात त्यांची कृती आहे आणि त्यात बेदाणे, सफरचंद व बदाम पिठातच घालावयास सांगितले आहेत. हा तपशील महत्त्वाचा आहे. आज दुकानात जो डोनट दिसतो त्यावर फळांच्या नावाचा रंगीत पाक ओतलेला असतो, आत फळ नसते. मूळ पदार्थात फळ आत होते. तेव्हा पिठात फळ घालणे ही नवी कल्पना नसून ते पदार्थाच्या पहिल्या रूपाकडे परत जाणे आहे.

डच वसाहतकऱ्यांबरोबर हा पदार्थ अटलांटिक ओलांडून आजच्या न्यूयॉर्कला गेला. १८०९ साली वॉशिंग्टन आयर्व्हिंग या लेखकाने त्या शहराचा जो विनोदी इतिहास लिहिला, त्यात 'डोनट' हे नाव आढळते. मधल्या भोकाचे श्रेय मेन प्रांतातील हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाला दिले जाते. १८४७ साली आपण ते पाडले, असे तो सांगत असे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्समधील अमेरिकन सैनिकांना साल्व्हेशन आर्मीच्या स्त्रियांनी डोनट तळून वाटले आणि सैनिकांबरोबर त्याची कीर्ती घरोघर पोचली. आपल्याकडे डोनटच्या साखळी दुकानांचा प्रसार एकविसाव्या शतकात झाला. इतका हा प्रवास पुरे. कारण आपल्याला रस आहे तो आपल्याच मुलखातील त्याच्या नातलगांत.

आपल्याकडील चार नातलग

पहिला नातलग ठाणे-वसईचाच आहे. या पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नकार्याला 'फुगे' करतात. मैदा, अंडी, नारळाचे दूध व थोडी साखर घालून सैलसर पीठ भिजवायचे, ते आंबवायचे आणि अंगठा व तर्जनी यांमधून गोळा पिळून तेलात सोडायचा. पूर्वी आंबवणासाठी माडी वापरीत, आता यीस्ट वापरतात. आंबवलेल्या पिठाचा फुगवून तळलेला गोळा म्हणजे बिनभोकाचा डोनटच होय. आमच्या जिल्ह्याला हा पदार्थ डोनटच्या दुकानांआधी कितीतरी पिढ्या माहीत होता.

दुसरा नातलग मंगळूर बन्स. मुंबई-ठाण्याच्या उडुपी उपाहारगृहांमुळे तो आपल्या ओळखीचा झाला. पिकलेली केळी कुस्करून त्यात दही, साखर, जिरे, चिमूटभर सोडा आणि मावेल तितका मैदा घालतात. पाणी घालीत नाहीत. पीठ रात्रभर झाकून ठेवतात आणि सकाळी जाडसर पुऱ्या लाटून तळतात. रात्री मळणे व सकाळी करणे ही जी युक्ती मला हवी होती, ती येथे तयारच आहे.

तिसरे नातलग म्हणजे घारगे. लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा आणि त्या ओलाव्यात मावेल तेवढेच पीठ घालायचे. व्यवहारात भोपळा ही भाजी असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फळच आहे. घारगे करताना आजी 'पाणी घालू नकोस, भोपळ्याला सुटेल तेवढंच पुरे' असे म्हणते, तेव्हा ती फळाच्या पिठाचा पहिला नियम सांगत असते.

चौथा नातलग कोकणातला आणि गोव्यातला. तवसे, म्हणजे मोठी जून काकडी, किसून तिच्यात तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे मिसळतात. हे मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात घालून झाकणावर निखारे ठेवतात आणि खालून-वरून धग देऊन भाजतात. यालाच कोठे तवसळी, कोठे धोंडस म्हणतात. येथे तळण नाही. ओव्हन हा शब्द घरात येण्यापूर्वीच कोकणातल्या चुलीवर ओव्हनचे तत्त्व वापरले जात होते आणि त्यात भाजले जात होते ते फळाचे पीठ.

भोकाची गोष्टही आपल्याला नवी नाही. मेदूवड्याला भोक असते. मालवणी वड्यालाही पुष्कळ घरी मधे बोटाने भोक पाडतात. फुग्यांचे आंबवण, बन्सचे केळे, तवसळीची कोरडी धग आणि वड्याचे भोक ही चार माहितीची माणसे एका पंक्तीला बसविली, की भाजलेला फळांचा डोनट तयार होतो. नाव तेवढे पाहुण्याचे आहे.

फळ पिठात गेले की

फळ म्हणजे शोभेची वस्तू अशी आपली समजूत असते. पिठाच्या दृष्टीने मात्र फळ म्हणजे पाणी, साखर, आम्ल, तंतू आणि काही वेळा एक खोडकर पाचक द्रव्य. यांचा एकेक विचार करू.

प्रथम पाणी. पिकलेल्या केळ्याच्या १०० भागांत सुमारे ७५ भाग पाणी असते. चिकूत त्याहून किंचित जास्त, आंब्यात ८० हून अधिक आणि अननसात ८५ च्या पुढे. अडीचशे ग्रॅम पिठाला एरवी दीडशे मिलिलिटरच्या आसपास दूध लागते. त्यात १०० ग्रॅम केळे घातले की निम्मे पाणी केळ्यानेच आणले, म्हणून दूध निम्मे करावयाचे. फळ वाढवून दूध तेवढेच ठेवले तर पीठ हाताला चिकटते. मग माणूस वरून पीठ घालतो आणि पदार्थ घट्ट होतो. आंब्याचा रस घालायचा असल्यास तो आधी मंद आचेवर आटवून निम्मा करावा, म्हणजे पाणी जाते आणि स्वाद राहतो. आंब्याच्या साठाचे बारीक तुकडे घातल्यास तर पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

सुकवलेल्या फळाचे उलट असते. वसई-आगाशीकडची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला तो मधासारखा चिवट मेवा, किंवा बेदाणे कोरडेच घातले तर ते पिठातले पाणी शोषून घेतात. म्हणून ती अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, निथळून, मग मिसळावीत.

दुसरी साखर. फळाची साखर गोडी देते; त्याशिवाय ती ओलावाही धरून ठेवते. म्हणूनच केळ्याचा पदार्थ दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. साखरेने खरपूस रंगही लवकर येतो. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकत्र येऊन जो तपकिरी रंग व सुवास देतात, त्या क्रियेचे वर्णन माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. तीच क्रिया आपल्या खरपूस भाकरीच्या पापुद्र्यावर रोज घडते. फळाचे पीठ साध्या पिठापेक्षा लवकर रंगते, एवढे लक्षात ठेवून आच बेताची ठेवावी.

तिसरे आम्ल. खाण्याचा सोडा हा अल्कधर्मी असून त्याला आम्ल भेटले की त्यातून वायू सुटतो व पीठ फुगते. केळ्याचे आम्ल सौम्य असते. ते पुरेसे नसते म्हणून बन्समध्ये दही घालतात. सोड्याचा आणखी एक गुण रंगीत फळांच्या बाबतीत दिसतो. जांभळाचा जांभळा रंग आम्लात तांबूस राहतो, पण सोडा लागताच निळसर-करडा होतो. जांभळाचे डोनट करायचे तर सोडा टाळून यीस्ट वापरणे, हा यावर सोपा उपाय आहे.

चौथे ते खोडकर द्रव्य. कच्च्या अननसात ब्रोमेलेन आणि पपईत पॅपेन नावाचे विकर असते. ही विकरे प्रथिने तोडतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, त्यामागचे कारण हेच. गव्हाच्या पिठाला जो ताण असतो तो ग्लुटेन या प्रथिनाचा. तेच तुटले तर पीठ वायू धरू शकत नाही. हे डोळ्यांनी पाहण्यासाठी मी एकाच पिठाचे दोन लहान गोळे घेतले. एकात कच्च्या अननसाचा रस मळला, दुसऱ्यात तोच रस चांगला उकळून गार करून मळला. तासाभराने दुसरा गोळा फुगून टरारला होता आणि पहिला वाटीत पसरून पातळ, चिकट झाला होता. उकळल्याने विकर निकामी होते, एवढाच दोघांतील फरक. म्हणून अननस व पपई नेहमी शिजवूनच पिठात घालावीत. केळे व चिकू यांना ही अडचण नाही.

तळणे आणि भाजणे

तळताना पदार्थातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडते आणि त्या वाफेमुळे तेल फारसे आत शिरू शकत नाही. घाणा बाहेर काढल्यावर मात्र वाफ निवते, आत पोकळी उरते आणि पृष्ठभागावरचे तेल त्या पोकळीत ओढले जाते. म्हणून तळलेला पदार्थ काढताक्षणी नीट निथळणे महत्त्वाचे. तरीही तळलेल्या डोनटच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. भाजलेल्यात मात्र आपण पिठात घातले तेवढेच तूप राहते.

याची किंमतही द्यावी लागते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तळलेल्याचा कुरकुरीत पापुद्रा भाजलेल्याला येत नाही. भाजलेला डोनट पावाच्या जवळ जातो. ज्याला तळलेल्याचीच चव हवी, त्याने सणावारी घारगे किंवा फुगे खावेत. रोजच्या डब्याला भाजलेलाच बरा. हात तेलकट होत नाहीत आणि गाडीत शेजाऱ्याच्या कपड्यांनाही धोका नाही.

भोकाचे काम येथे कळते. उष्णता बाहेरून आत जाते आणि जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत पोचायला तिला सुमारे चौपट वेळ लागतो. मधे भोक पाडले की पिठाचा कोणताही भाग कडेपासून फार दूर राहात नाही. आतले शिजेपर्यंत बाहेरचे करपण्याची भीती त्यामुळे जाते.

कृती

साहित्य : मैदा १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, चांगले पिकलेले केळे कुस्करून १०० ग्रॅम, कोमट दूध ७५ मिलिलिटर, साखर ३० ग्रॅम, तूप किंवा लोणी ३० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक चहाचा चमचा, मीठ अर्धा चहाचा चमचा, थोडे किसलेले जायफळ. आवडीप्रमाणे भिजवून चिरलेली सुकेळी किंवा बेदाणे मूठभर. केळ्याऐवजी डहाणू-घोलवडचा पिकलेला चिकू बिया काढून त्याच मापाने घेता येतो.

रात्री आठ वाजता : पिठे, साखर, मीठ, यीस्ट व जायफळ एकत्र करावे. केळे व दूध घालून मळावे. दूध एकदम न ओतता शेवटचे दोन चमचे हातात ठेवावेत. केळे किती पिकले आहे त्यावर त्यांची गरज ठरते. गोळा जमला की तूप घालून दहा मिनिटे चांगले तिंबावे. आरंभी पीठ चिकट वाटेल, पण तिंबता तिंबता ते हात सोडते. सुकेळी शेवटी मिसळावी. झाकून तासभर ठेवावे.

रात्री सव्वानऊला : पीठ हलकेच दाबून ओट्यावर बोटाच्या जाडीएवढे लाटावे. मोठ्या वाटीने गोल कापून बाटलीच्या झाकणाने मधे भोक पाडावे. उरलेले पीठ पुन्हा गोळा करून लाटावे. साधारण नऊ कडी होतात. तूप लावलेल्या ताटलीत एकमेकांपासून दूर ठेवून, वर ओलसर फडके किंवा दुसरे ताट झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत. थंडीत यीस्टचे काम अगदी मंद चालते, थांबत नाही. रात्रभराच्या या संथ आंबण्याने चवही चांगली येते. फ्रिज नसल्यास यीस्ट पाव चमच्याहूनही कमी घ्यावे, दूध गार घ्यावे आणि कडी उशिरा, झोपण्यापूर्वी पाडावीत. उन्हाळ्यात मात्र त्या घरी हा बेत करू नये. पीठ पहाटेपर्यंत आंबट होते.

पहाटे : ताटली बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटे ठेवावी. तेवढ्यात ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापतो आणि चहाही होतो. कड्यांना दुधाचा हात लावून १२ ते १४ मिनिटे भाजावे. बाहेर काढताच हवे तर तुपाचे बोट फिरवावे.

ओव्हन नसेल तर : जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये तळाला मिठाचा थर द्यावा आणि त्यावर तिवई ठेवावी. कुकर असल्यास शिटी व रबरी कडे काढून ठेवावे. झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, ताटली आत ठेवून मंद ते मध्यम आचेवर १८ ते २० मिनिटे भाजावे. यात वरून धग नसते म्हणून वरची बाजू फिकी राहते. शेवटी कडी तव्यावर उलटून मिनिटभर टेकवावीत. झाकणावर निखारे ठेवणाऱ्या तवसळीवालीला ही उणीव भासत नसे, हे येथे सहज ध्यानात येते.

उरलेली कडी निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावीत. फ्रिजमध्ये भाजलेले पीठ लवकर शिळे व कडक होते, कारण थंडीत त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट रचना धरू लागते. बाहेर ती दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहतात. पावसाळ्यात मात्र आमच्याकडील दमट हवेत तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पोषणाचा हिशेब

फळ घातले म्हणजे पदार्थ आरोग्याचा झाला, असे मानण्याची घाई करू नये. वरील मापात नऊ कडी धरली, तर प्रत्येकात वरून घातलेली साखर साधारण साडेतीन ग्रॅम येते, तूप तीन ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक दीडशे ते एकशे साठ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार वरून घातलेली व रसापाकांतील साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर. दोन कड्यांत ती सातच ग्रॅम येते. तेव्हा दिवसाच्या चहाला जागा उरते.

खरी उणीव प्रथिनांची आहे. एका कड्यात ती तीन-साडेतीन ग्रॅम असतात. दोन कडी खाऊन पोट भरल्यासारखे वाटते, पण अकराच्या सुमारास पुन्हा भूक लागते. त्यासाठी बरोबर पेलाभर दूध, उकडलेले अंडे किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे असावेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी मैद्याचा गोड पदार्थ रोजचा होऊ शकत नाही, हेही उघड आहे.

वेळेचा हिशेब

आता ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याकडे येऊ. आमच्या घरी चार माणसांचे पोहे करायला पहाटे साधारण पंचवीस मिनिटे जातात. कांदा चिरणे, पोहे भिजवणे, फोडणी, वाफ आणि नंतर कढई घासणे. डोनटसाठी रात्री पस्तीस-चाळीस मिनिटे हात गुंततात, पहाटे मात्र पाच. बाकी वेळ पीठ आणि ओव्हन आपापले काम करतात. म्हणजे एकूण श्रम कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढले. तरीही मी हा व्यवहार फायद्याचा मानते, आणि त्याचे कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकातच आहे. सर्व मिनिटांची किंमत सारखी नसते. पहाटे साडेचारचे मिनिट आणि रात्री आठचे मिनिट ही एकाच नाण्याने मोजता येत नाहीत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. त्यातही अशा कामांत मुळात भाग घेणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, तर पुरुष २६ च होते. या आकड्यांमागे उभी असलेली बाई प्रत्येकाने आपापल्या घरी पाहिली आहे. पहाटेचे काम तिच्यावर पडते, कारण त्या वेळी जागे असणारे घरात दुसरे कोणी नसते आणि गाडी गाठणाऱ्याला हात रिकामे नसतात. रात्री जेवणानंतर मात्र सगळे घरात असतात. तेव्हा पीठ तिंबायला बाबांचे हात आईच्या हातांपेक्षा जोरकस ठरतात आणि वाटीने कडी पाडायला धाकट्या भावाला सांगावे लागत नाही. आमच्या घरी आता आठवड्यातून दोनदा असे होते. त्या दोन दिवशी आई पाचला उठते. एरवी ती साडेचारला उठते.

अर्धा तास ही काही क्रांती नव्हे. पण काम पहाटेतून रात्रीत सरकवले की ते वाटून घेता येते आणि पहाटेतच ठेवले तर ते एकटीचे राहते, एवढे यातून स्पष्ट होते. कोणत्या पदार्थाला किती वेळ लागतो हे आपण विचारतो. तो वेळ कोणता आणि कोणाचा, हेही विचारावयास हवे.

समारोप

फळ पिठात घालावयाचे म्हणजे पाणी, साखर व आम्ल मोजून घालावयाचे आणि तितके बाकीचे कमी करावयाचे, हे या पाकक्रियेतील मुख्य सूत्र. ते घारग्यांच्या भोपळ्यात, बन्सच्या केळ्यात आणि तवसळीच्या काकडीत आपल्याकडे पूर्वीपासून होते. घरी भाजलेला डोनट त्याच सूत्राला आजच्या गाडीच्या वेळापत्रकात बसवतो. वाचकांनी तो केळ्याचा करावा, मार्गशीर्षात चिकूचा करावा, वैशाखात आटवलेल्या आंब्याचा करावा आणि ज्येष्ठात जांभळाचा करून पाहावा. नाव डोनट ठेवा किंवा 'फळाचे कडे' म्हणा, त्याने चवीत फरक पडणार नाही. फक्त पीठ रात्री मळावे, आणि ते एकाच माणसाने मळू नये.